यादीत नाव

लेगॉनच्या, म्हणजे घाना विद्यापीठाच्या, आवारातलं वसतिगृह मिळालं असतं, तर माझं घानातलं वर्ष सुखात गेलं असतं आणि मला फारसं काही कळलं नसतं. घाना विद्यापीठ १९४८ सालचं, म्हणजे देश अजून 'गोल्ड कोस्ट' होता तेव्हाचं. टेकडीवर पांढऱ्या भिंती, लाल कौलं, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक वेगळं वसतिगृह. एका सत्रासाठी आलेली गोरी मुलं तिथे एकमेकांच्या सोबतीने आफ्रिका पाहतात. देशाचे पहिले राष्ट्रपती क्वामे एन्क्रूमांनी १९६३ मध्ये ज्या आफ्रिकन अभ्यास संस्थेचं उद्घाटन केलं, तिथे मी एम.ए.ला होते. प्रवेश उशिरा झाला, खोली बाहेर शोधावी लागली आणि मी जाऊन पडले मदिन्यात.

मदिना ही विद्यापीठाच्या उत्तरेची दाट वस्ती. बाजार, मशिदी, चर्च, ट्रोट्रोचा म्हणजे प्रवासी व्हॅनचा स्टँड, आणि या सगळ्यांचे भोंगे. घरमालकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागितलं. १९६३चा भाडेकायदा सहा महिन्यांहून जास्त आगाऊ मागायला मनाई करतो, हे त्यालाही ठाऊक होतं, दलालालाही आणि मलाही. मी कायद्याचं नाव काढलं तेव्हा दोघंही इतकं प्रेमाने हसले की मलाही हसावं लागलं. शेवटी वर्षावर तडजोड झाली.

घर म्हणजे 'कंपाउंड हाउस'. मधे अंगण, तिन्ही बाजूंनी खोल्या, एका कोपऱ्यात पाण्याची काळी टाकी, दुसऱ्यात सामाईक न्हाणीघर, आणि विजेचा सगळ्यांत मिळून एक प्रीपेड मीटर, ज्याच्यावरून दर आठवड्याला भांडण. केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, करून विकणारी एक गा बाई होती. तिला सगळे ऑंटी म्हणत. गा हे राजधानी अक्राचे मूळ रहिवासी, आणि ऑंटी ही गोष्ट कुणाला विसरू देत नसे. समोर अक्रोपाँगचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको. त्यांना 'टीचर' म्हणायचं, नाव घ्यायचं नाही. तामालेहून आलेलं एक डागोम्बा मुसलमान कुटुंब. खोलीच्या दारातच मशीन मांडून बसणारी शिवणकाम करणारी मुलगी. आणि पदवीनंतरची सक्तीची वर्षभराची 'नॅशनल सर्व्हिस' करणारा एक मुलगा, जो देशसेवा बहुतेक झोपेत करत असे. गा, च्वी, डागबानी, हौसा, इंग्रजी असं सगळं त्या अंगणात चालायचं. मीटरचं भांडण मात्र सगळे च्वीतच करत.

तिथे पहिल्यांदा शिकावं लागतं ते नमस्कार करणं. आपल्याला वाटतं ती एक रीत आहे. तिथे ते काम आहे आणि कामासारखंच मन लावून करावं लागतं. सकाळी डोळे चोळत दात घासायला बाहेर पडलं तरी अंगणात जेवढी माणसं असतील तेवढ्यांची आधी विचारपूस. चारचौघं बसले असतील तर उजवीकडून सुरुवात करून डावीकडे जायचं. हात मिळवायचा तो उजवाच. डाव्या हाताने काही द्यायचं-घ्यायचं नाही हे मला साताऱ्यात आजीने शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे तेवढा पेपर अभ्यास न करता सुटला. पुण्यात मी शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव न विचारता कित्येक वर्षं राहिले, आणि याला आम्ही दोघंही सभ्यपणा समजत होतो. मदिन्यात याला आजार समजतात. एकदा परीक्षेच्या काळात मी दोन दिवस दार लावून वाचत बसले, तर टीचरांची बायको पेज घेऊन आली. मलेरिया झाला असणार हे तिने ठरवूनच टाकलं होतं.

टीचरांकडे कुणी भेटायला आलं की सगळं क्रमाने होई. आधी बसायला जागा, मग पाणी. पाणी पिऊन झालं की यजमान आपल्याकडची खबर सांगणार, की इथे सगळं ठीक आहे, आणि मग विचारणार, येणं कशासाठी केलंत? आलेला माणूस कशाला आला आहे हे सगळ्या अंगणाला माहीत असायचं. कालच फोनवर बोलणं झालेलं असायचं. तरी विचारायचं, आणि त्यानेही नव्याने सांगायचं. सुरुवातीला मला हे नाटक वाटे. पुढे लक्षात आलं की माणूस काय मागायला आला आहे हे त्याला नीट बसून, पाणी पिऊन, सगळ्यांसमक्ष सांगायची संधी यात असते. दारातच उभ्या उभ्या अजीजी करावी लागत नाही. निघताना 'रस्ता मागायचा', म्हणजे निघण्याची परवानगी. ती मिळाली की यजमान थोडं अंतर बरोबर चालतो, पुष्कळदा थेट ट्रोट्रोपर्यंत.

पहिले काही महिने मी पाहुणी होते, आणि घानात पाहुणी असण्यासारखं सुख नाही. दळणाच्या रांगेत मला पुढे काढत. माझी बादली कुणीतरी परस्पर भरून ठेवी. जेवणारा माणूस दिसला की तो आपल्या ताटाकडे हात करून इंग्रजीत म्हणतो, 'यू आर इन्व्हायटेड'. आपण जेवताना कुणी आलं तर 'या जेवायला' म्हणतो, तसंच, आणि उत्तरही तसंच ठरलेलं: आभार मानायचे आणि पुढे जायचं. ऑंटी मात्र पुढे जाऊ द्यायची नाही. माझ्या केंकेबरोबर ती न सांगता तळलेल्या माशाचा एक जादा तुकडा ठेवी आणि पैसे देऊ केले की न ऐकल्यासारखं करी.

केंकेचं सांगायला हवं, कारण माझं वर्ष त्याच्याच वासात गेलं. मका दोनेक दिवस भिजत घालायचा, ओलाच दळून आणायचा, मळून आणखी दोन-तीन दिवस आंबू द्यायचा. मग त्यातलं निम्मं पीठ मोठ्या पातेल्यात शिजवत घोटायचं. याला आफ्लाता म्हणतात. लाकडी दांड्याने ते घोटताना ऑंटीचे दंड पाहिले की मीटरच्या भांडणात तिच्या वाटेला कुणी का जात नसे ते समजायचं. शिजलेल्यात उरलेलं कच्चं पीठ मिसळायचं, गोळे करायचे, ते कणसाच्या वाळलेल्या सालपटांत बांधायचे आणि पिंपात तासन्‌तास उकडायचे. कच्च्या-शिजल्याचं प्रमाण हीच सगळी विद्या, आणि ती ऑंटी कुणाला सांगत नसे. वास म्हणाल तर आंबोळीच्या पिठाचा, एक दिवस जास्त राहिलेल्या. बरोबर तळलेली मासळी, शितो नावाची काळी तिखट चटणी, आणि आसांका म्हणजे आतून खरबरीत असलेल्या मातीच्या वाडग्यात लाकडी बत्त्याने रगडलेली मिरची, टोमॅटो, कांदा. फांटी लोक आपलं केंके केळीच्या जातीच्या पानांत बांधतात. त्याबद्दल ऑंटीचं मत छापण्याजोगं नव्हतं.

२०२२ची अखेर होती. तिथलं चलन, सेडी, घसरत होतं, आणि डिसेंबरात महागाईचा दर ५४.१ टक्क्यांवर गेला. मला तो आकडा बातम्यांत कळण्याआधी ऑंटीच्या मुठीत कळला होता. आधी गोळ्याची किंमत वाढली. मग गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली तेव्हा किंमत तीच ठेवून गोळा लहान झाला. लोक तो तळहातावर घेऊन वजन करत, एकदा ऑंटीकडे, एकदा गोळ्याकडे बघत, आणि घेऊन जात. पुढच्या फेब्रुवारीत सरकारी रोख्यांत म्हातारपणाची पुंजी अडकलेले पेन्शनर अर्थखात्यासमोर निदर्शनं करत होते आणि माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा टीचरांनी अंगणात टीव्ही आणून ठेवला. त्यांचे स्वतःचे रोखे नव्हते. 'शिक्षकाकडे रोखे असते तर तो शिक्षक कशाला झाला असता?' असं म्हणून ते पुन्हा टीव्हीकडे वळले.

रोज दुपारी ऑंटीकडे सुसूवाला यायचा. ठरलेली रक्कम घ्यायची, कार्डावर खूण करायची, महिनाअखेरीस जमलेले पैसे परत द्यायचे आणि त्यातली एका दिवसाची रक्कम आपली मजुरी म्हणून ठेवून घ्यायची, असा हा जुना धंदा. आपल्याकडे पतसंस्थेचा पिग्मी एजंट येतो, पण तिथे निदान थोडं व्याज मिळतं. इथे पैसे ठेवणारीच पैसे देते. मी ऑंटीला हिशेब मांडून दाखवायला लागले, तर ती म्हणाली, हातात पैसा राहिला की भाच्याची फी, बहिणीचं औषध, चर्चची वर्गणी. नाही म्हणता येत नाही. 'सुसूवाल्याकडे आहे' असं म्हणता येतं. घानाच्या माणुसकीचं कौतुक करणाऱ्या परदेशी लोकांनी हा सुसूवाला पाहिलेला नसतो. ज्या समाजात कुणालाही नाही म्हणता येत नाही, त्यात स्वतःचे पैसे स्वतःपासून लपवायला माणूस पगारावर ठेवावा लागतो.

विद्यापीठात जायचं ते ट्रोट्रोने. कुठलीतरी युरोपातून जुनी होऊन आलेली व्हॅन, आत वाढवलेल्या सीटा, मधल्या वाटेवर पडणाऱ्या घडीच्या खुर्च्या, मागच्या काचेवर देवाचा किंवा शत्रूंचा उल्लेख. दाराला लटकणारा मेट, म्हणजे कंडक्टर, ठिकाणाचं नाव एका श्वासात चार वेळा ओरडतो, आणि रस्त्यावरचे लोक बोटांच्या खुणांनी कुठे जायचंय ते सांगतात; जमिनीकडे बोट करून गोल फिरवलं की एन्क्रूमा सर्कल. भाडं मागच्या रांगेतून हातोहात पुढे जातं, सुटे तसेच हातोहात मागे येतात. मधल्या दहा हातांपैकी कुणी ते खिशात घातल्याचं मी पाहिलं नाही. गाडी हलली की कधी एखादा प्रवासी उठून प्रार्थना सुरू करतो, आणि प्रार्थनेच्या शेवटी मुळव्याधीचं औषध विकतो.

मी तिथे ऑब्रोनी, म्हणजे गोरी परदेशी, होते. साताऱ्यात मुलगी बघायला आलेल्यांनी 'रंग जरा सावळा वाटला' असा निरोप धाडला होता; मदिन्यात शाळेतून सुटलेली पोरं माझ्या मागे 'ऑब्रोनी, हाउ आर यू? आय अॅम फाइन, थँक यू' असं ठेक्यात गात यायची. हे गाणं ती प्रत्येक गोऱ्या स्वयंसेवकासाठी गातात. असे स्वयंसेवक सुट्ट्यांत पुष्कळ येतात. केसांच्या वेण्या घालून घेतात, शाळेची भिंत रंगवतात, कडेवर पोर घेऊन फोटो काढतात. सगळ्यांना एका माळेत ओवणार नाही, त्यांतले काही फार मन लावून काम करतात. पण अनाथाश्रमांना मदत करायला जे येत, त्यांच्यामुळे आईबाप जिवंत असलेली मुलंही आश्रमांत ठेवली जाऊ लागली आणि घाना सरकारला या शतकाच्या पहिल्या दशकातच आश्रम कमी करून मुलांना नातलगांकडे पाठवायची मोहीम काढावी लागली. टीचर एवढंच म्हणाले, की हे लोक पाहुणेपण संपायच्या आत परत जातात.

भारतीय म्हणून माझी चौकशी वेगळी होती. अक्रातली मोठी दुकानं सिंध्यांची. त्यांचे बापजादे देश स्वतंत्र व्हायच्या आधीपासून तिथे व्यापार करत आलेले. त्यात एक हिंदी मालिका च्वीत डब होऊन काही वर्षं घरोघरी चालली होती. शिवणवालीला त्यातल्या सासूचा इतका राग होता की मी त्या देशाची म्हणून मलाही थोडा वाटा मिळाला. पण एका संध्याकाळी नॅशनल सर्व्हिसच्या मुलाने विचारलं, त्याचा मावसभाऊ पुण्यात शिकत होता, त्याला खोली का मिळत नव्हती? जाहिरात वाचून फोन केला की या म्हणायचे, दारात उभा राहिला की खोली गेली म्हणायचे. हे सगळीकडेच असं आहे का, की त्याचंच नशीब?

अंगण शांत झालं नाही. ऑंटीचं घोटणं चालूच होतं. पण सगळे ऐकत होते. मी सांगितलं की नशीब नाही. २०१६ मध्ये बेंगळुरूत एका टांझानियन विद्यार्थिनीला जमावाने मारलं होतं, २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना, हेही सांगितलं. त्यांना ते माहीतच होतं. बहुधा मी ते सांगते की नाही हे बघायचं होतं. टीचरांनी विषय गांधींकडे नेला. लेगॉनच्या आवारात जून २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते गांधींचा पुतळा बसवला गेला होता. काही महिन्यांत प्राध्यापकांनी अर्ज केला, की दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण गांधींनी काळ्या माणसांबद्दल जे लिहिलं ते वाचून हा पुतळा इथे नको. डिसेंबर २०१८ मध्ये तो काढला. टीचर एन्क्रूमांच्या काळात शाळेत गेलेले. १९५०ची एन्क्रूमांची 'पॉझिटिव्ह अॅक्शन' चळवळ गांधींकडे पाहून उभी राहिली हे त्यांना बाराखडीसारखं पाठ. ते म्हणाले, मला गांधी पण हवेत आणि ते प्राध्यापक पण बरोबर आहेत, मी म्हातारा आहे, मला दोन्ही परवडतं. मग मुलाकडे वळून म्हणाले, पण तुझ्या भावाला खोली न देणाऱ्याने गांधी वाचलेला नसणार, ना तरुण ना म्हातारा.

'कुठल्या चर्चला जातेस?' हा प्रश्न तिथे हवापाण्यासारखा विचारतात. शनिवारी रात्रभर प्रार्थना चालतात, भोंगे लावून. मे-जूनच्या सुमाराला होमोवो सणाआधी गा लोकांची परंपरा सुमारे महिनाभर ढोल आणि गोंगाटाला मनाई करते, तेवढे दिवस अक्राला जरा झोप लागते. मी हिंदू आहे म्हटल्यावर टीचरांच्या बायकोने मला आपल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये न्यायचं मनावर घेतलं. डागोम्बा बाईने हार्मटनच्या कोरड्या वाऱ्यांत फुटलेल्या माझ्या ओठांना शियाचं लोणी लावत सुचवलं, की मशीद जास्त जवळ आहे.

मी मात्र आल्याआल्याच गणपतीला जाऊन आले होते. अक्रात ओडोर्कोर भागात एक हिंदू मठ आहे, १९७५ पासूनचा. स्थापन केला स्वामी घनानंद सरस्वतींनी, जे घानातल्याच एका गावात जन्मले आणि २०१६ मध्ये वारले. भक्त बहुतेक घानाचे. गणेश चतुर्थीला ते मूर्ती बसवतात आणि समुद्रात विसर्जन करतात. मी नऊवारी नाही, पण बऱ्यापैकी साडी नेसून, आपल्याला तिथे काही मान मिळेल अशा तयारीने गेले. दारात एका बाईने चपला कुठे ठेवायच्या, हात कुठे धुवायचे, कुठे बसायचं ते सांगितलं. मी सगळं केलं. प्रसाद देताना तिने अगदी आपुलकीने विचारलं, 'तुमच्याकडेही गणपती असतो का?' मी हो म्हणाले. सातारा, पुणे, लोकमान्य, मांडव यांतलं काहीही सांगायची ती जागा नव्हती.

मग मार्च २०२३ मध्ये टीचरांची आई गेली. नव्वदी ओलांडलेली. घानात माणूस गेला की लगेच पुरत नाहीत. शव शवागारात ठेवून अंत्यविधीची तारीख ठरते, आणि तोवर आठवडे, कधी महिने जातात. भिंतींवर मोठाले रंगीत फलक लागतात, मृताचा फोटो, सगळ्या नातलगांची नावं, मुलगे कुठल्या देशात आहेत तेही. तरुण माणूस गेला तर काळं आणि लाल. पिकलं पान गळालं तर काळं-पांढरं, कारण शोकाबरोबर आभारही असतात. कुटुंब एक छापील कापड ठरवतं आणि सगळे त्याचेच कपडे शिवतात. सहा वाराला 'हाफ पीस' म्हणतात. मी या सगळ्यावर टिपणं काढत होते. अभ्यासाचाच विषय होता तो, आणि मला वाटत होतं की मी बघायला जाणार आहे.

एका सकाळी ऑंटीने शाळेची दोनशे पानी वही उघडून माझ्यापुढे धरली. अंगणाची यादी होती. प्रत्येक बिऱ्हाडाचं नाव, पुढे रक्कम, कापडाचे पैसे वेगळे. चौथ्या ओळीवर 'अकुआ' लिहिलेलं होतं. मी बुधवारी जन्मले हे कळल्या दिवशी टीचरांनी ठेवलेलं माझं नाव ते; बुधवारच्या मुली अकुआ, बुधवारचे मुलगे क्वाकू. मला कुणी विचारलं नव्हतं. रक्कम इतरांइतकीच होती: ऑब्रोनी म्हणून जास्त नाही, विद्यार्थिनी म्हणून कमी नाही. ती माझ्या महिन्याच्या खर्चाच्या मानाने चांगली जड होती. ऑंटी पेन घेऊन थांबली. विनंती नव्हती, त्यामुळे विचार करून सांगते म्हणायलाही जागा नव्हती.

शनिवारी आम्ही सगळे अक्रोपाँगला गेलो. मदिन्याहून रस्ता डोंगर चढतो, आबुरी येतं, मग माम्पाँग, जिथे टेट्टे क्वार्शींनी १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून कोकोचं बी आणून लावलं आणि देशाचं नशीब पालटलं. अक्रोपाँगला मिशनऱ्यांनी १८४८ मध्ये काढलेलं अध्यापक विद्यालय आहे, टीचर तिथलेच. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, ब्रास बँड, हायलाइफ संगीत. एका टेबलाशी दोन माणसं वर्गणी घेत होती, पावती फाडत होती, आणि तिसरा माइकवर नाव आणि रक्कम पुकारत होता. आपल्याला हे ऐकायला अवघडतं. त्यांना पाकिटात घालून गुपचूप देणं अवघड वाटतं. दिलं की नाही हे सगळ्यांना कळायला नको का? आमच्या अंगणाचं नाव पुकारलं, त्यात माझंही. रविवारी आभाराची प्रार्थना झाली, आणि कपडे पांढरे.

सोमवारपासून माझा जादा माशाचा तुकडा बंद झाला. बादली कुणी भरेना. पहाटे अंगण झाडायच्या पाळीत मला घेतलं गेलं, आणि माडाच्या हिरांचा तो खराटा कसा धरायचा नाही हे मला रोज सांगितलं जाऊ लागलं. माझ्या इस्त्रीमुळे मीटरचे पैसे लवकर संपतात असा आरोप उघडपणे झाला, आणि मी च्वीत भांडले. फार वाईट भांडले, व्याकरणासकट. शिवणवाली हसून मशीनवर कोसळली. सुट्टीवरून परतलेल्या मला अंगणभर 'जाड झालीस!' म्हणून शाबासकी मिळाली. तिथे ते खरंच कौतुक असतं, पण साताऱ्याच्या मुलीला ते कौतुक म्हणून पचायला वेळ लागतो.

जुलैत माझे आजोबा गेले. तिकिटाचे पैसे नव्हते, आणि असते तरी दहाव्यालासुद्धा पोचले नसते. मी हे फक्त शिवणवालीला सांगितलं, तेही डोळे लाल का म्हणून तिने विचारलं तेव्हा. संध्याकाळी दारावर थाप. टीचर, त्यांची बायको, ऑंटी, डागोम्बा नवरा-बायको, मागे तो झोपाळू मुलगा, सगळे आवरून आलेले. ज्या अंगणात आम्ही दिवसभर एकमेकांच्या अंगावरून ये-जा करतो, तिथून दहा पावलं चालून ते माझ्याकडे आले होते आणि दारात थांबले होते. मला क्षणभर समजेना. मग समजलं. खुर्ची एकच होती. पलंगावर, ट्रंकेवर, चटईवर सगळ्यांना बसवलं. पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत थांबले. मग मी च्वीत म्हणाले, इथे सगळं ठीक आहे. आणि विचारलं, येणं कशासाठी केलंत?

टीचरांनी उभं राहून सांगितलं. त्यांच्या कानावर आलं होतं की अकुआच्या घरचं एक मोठं झाड पडलं आहे. ते कोण होते, काय करत, किती वर्षांचे, हे विचारलं. मी किसनवीर कारखान्याच्या ऊसतोडीचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या आजोबांबद्दल मदिन्यातल्या त्या खोलीत जितकं बोलले, तितकं घरी फोनवरही बोलले नव्हते. ऑंटीने वहीचं पान फाडून दिलं. त्यावर नावं आणि रकमा होत्या, सर्वांच्या सारख्या. पैसे तिने माझ्या उजव्या हातात मोजून दिले आणि पावती मागितली. माझ्याकडे पावतीपुस्तक नव्हतं, म्हणून टीचरांनी कागदावर लिहून घेतली आणि मी सही केली. जाताना त्यांनी रस्ता मागितला. मी तो दिला आणि अंगणाच्या मध्यापर्यंत, म्हणजे जितकं जाता आलं तितकं, सोबत चालले.

ते पैसे मी साताऱ्याला पाठवले. वडिलांनी विचारलं कसले, तर नीट सांगता येईना. शेवटी 'शेजाऱ्यांचे' म्हणाले. त्यांनी ते दहाव्याच्या खर्चात वेगळ्या ओळीवर लिहून ठेवले आहेत.

परत येऊनही आता काही महिने झाले. टीचरांच्या आईचं वर्षश्राद्ध, म्हणजे तिथली वार्षिक प्रार्थना, या महिन्यात आहे. ऑंटीचा व्हॉइस मेसेज आला: कापड ठरलं, पांढऱ्यावर निळं, हाफ पीसचे इतके, वर्गणी इतकी, मोबाइल मनीने टीचरांच्या बायकोच्या नंबरवर टाक. मी येणार नाही हे तिला माहीत आहे. त्याचा यादीशी काही संबंध नसतो. मुंबईला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ड्रेस पाठवायचं ठरलं आहे, आणि तो घालून मी फोटो पाठवायचा आहे. पाठोपाठ शिवणवालीचा मेसेज: तुझं माप माझ्या वहीत आहे, पण आईच्या हातचं खाऊन ते आता चालणार नाही, नवं घेऊन पाठव. आईला टेप धरायला लावला. कमरेला दोन इंच वाढलेत. ते कळवल्यावर मदिन्याहून टाळ्या वाजवणाऱ्या बाहुल्यांची अख्खी ओळ आली, आणि खाली ऑंटीचं: पैसे अजून आले नाहीत.